बाळाची वाढ कशी मोजायची, कुठे नोंदवायची आणि कशी वाचायची

बाळ घरी आलं की बघायला येणारा प्रत्येक जण त्याच्या तब्येतीवर काहीतरी बोलून जातो. "अजून बाळसं धरलं नाही का गं?" नाहीतर "शेजारच्यांचं बघ कसं गुटगुटीत आहे!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण पहिलटकरीण त्या एका वाक्यावर रात्रभर जागी राहते. मग कोणी वरचं दूध सुरू करतं, कोणी तिसऱ्या महिन्यातच बिस्किट भिजवून भरवतं. हे थांबवायचं असेल तर बाळाची वाढ नीट मोजायला आणि वाचायला शिकावं लागतं. ते अवघड नाही. त्यात सर्वांत महत्त्वाचं एकच: एका दिवसाचा आकडा फारसं काही सांगत नाही. चार-पाच आकडे कागदावर मांडून त्यांची रेषा काढली की ती बोलायला लागते.

सुरुवात डिस्चार्ज कार्डापासून

प्रसूतिगृहातून निघताना हातात जो कागद मिळतो, त्यावर चार गोष्टी लिहिल्या आहेत का ते तिथल्या तिथे बघा: जन्माचं वजन, लांबी, डोक्याचा घेर आणि बाळ किती आठवड्यांचं जन्मलं. लांबी आणि डोक्याचा घेर बऱ्याचदा राहून जातो. सिस्टरना सांगून लिहून घ्या, कारण ही मापं नंतर कुठूनही मिळत नाहीत.

पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात नाव नोंदवलं असेल तर गरोदरपणातच माता व बाल संरक्षण कार्ड मिळालेलं असतं. वाढीचे तक्ते त्यातच असतात, मुलीसाठी गुलाबी आणि मुलासाठी निळा. खासगी डॉक्टरांच्या फाइलमध्येही असाच तक्ता असतो. नसेल तर मागून घ्या. दोन्हीकडचे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मानकांवर आधारलेले आहेत. त्यासाठी सहा देशांतली निरोगी, आईच्या दुधावर वाढणारी बाळं मोजली होती. त्यात भारताचाही समावेश होता, इथली बाळं दक्षिण दिल्लीतली होती. त्यामुळे "हे परदेशी तक्ते, आपली मुलं बारीकच असतात" ही समजूत सोडून द्या. चांगलं पोषण आणि निरोगी घर मिळालं तर पहिल्या पाच वर्षांत आपली मुलंही तशीच वाढतात.

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन कमी होतं. बाळाच्या अंगातलं जास्तीचं पाणी उतरतं आणि आईला दूध उतरायला दोन-तीन दिवस लागतात. जन्मवजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तर घाबरू नका. म्हणजे ३ किलोचं बाळ चौथ्या दिवशी २ किलो ८०० ग्रॅम भरू शकतं. दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत यायला हवं. आलं नाही, किंवा घट १० टक्क्यांच्या वर गेली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. बाळ छातीला नीट लागतंय का हे आधी तपासून घ्या. घरच्या घरी खूण हवी असेल तर शू मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओले होत असतील तर दूध पोटात जातंय.

वजन: एकच काटा, एकच पद्धत

सरसकट चुकतं ते इथे. एकदा दवाखान्यात, एकदा मेडिकलवाल्याकडे, एकदा मावशीकडच्या काट्यावर असं वजन केलं की आकड्यांचा मेळ बसत नाही. दोन काट्यांत शंभर ग्रॅमचा फरक सहज असतो. म्हणून शक्यतो ठरलेल्या एकाच ठिकाणी वजन करा. लस घ्यायला जाता तिथेच केलं तर सर्वांत सोपं. सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने हे लसीचे टप्पे आहेतच, सहाव्या महिन्याला आणि वर्ष भरल्यावर आणखी एकदा करायचं. पहिले सहा महिने महिन्यातून एकदा वजन झालं तर उत्तम.

काट्यावर ठेवण्याआधी बाळाचं सगळं उतरवा. झबलं, टोपी, डायपर तर काढायचंच, शिवाय पायातले चांदीचे वाळे आणि हातातल्या मनगट्याही. बारशाला आलेले जाड वाळे किती भरतात ते एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, म्हणजे पटेल. ओल्या डायपरचं तर विचारूच नका. करगोटा काढायला घरचे तयार नसतील तर राहू द्या, पण मग दर वेळी राहू द्या. काट्यावर पातळ दुपटं घालायचं असेल तर आधी दुपटं ठेवून शून्य करून घ्या आणि मग बाळ ठेवा. दवाखान्यात गर्दी असते, मागे रांग असते, सिस्टर घाईत असतात. तरीही "एक मिनिट, कपडे काढते" असं सांगायला संकोचू नका. कपड्यांसकट केलेलं वजन लिहावंच लागलं तर शेजारी "कपड्यांसह" अशी नोंद करा.

घरी काटा घ्यायचाच असेल तर १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा, खोलगट तबकाचा, बाळांसाठीचा घ्या. तो फरशीवर, सपाट जागी ठेवा. ओट्यावर किंवा पलंगावर अजिबात नको. डोक्यावरचा पंखा क्षणभर बंद करा, कारण वाऱ्याने आकडा हलत राहतो. काटा बरोबर आहे का हे बघायला किलोभर मिठाच्या दोन बंद पुड्या ठेवा. दोन किलो आणि वर पिशव्यांचे थोडे ग्रॅम दाखवले की झालं. मोठ्यांच्या काट्यावर आधी बाळाला घेऊन आणि मग एकट्याने उभं राहून वजाबाकी करायची युक्ती बरेच जण वापरतात. वर्षाच्या पुढच्या मुलाला ती चालते. लहान बाळाला नाही, कारण ते काटे शंभर-शंभर ग्रॅमने पुढे सरकतात आणि तुम्हाला हवा असलेला फरक नेमका त्यातच हरवतो.

आणि घरी काटा असला म्हणून रोज वजन करू नका, ही कळकळीची विनंती. बाळाने ९० मिली दूध प्यायलं की वजन जवळपास ९० ग्रॅमने वाढतं, आणि शी-शू झाली की पुन्हा उतरतं. सात महिन्यांच्या बाळाचं आठवड्याभराचं खरं वाढणं साधारण तेवढंच असतं. रोजच्या आकड्यातून कळत काही नाही, जिवाला घोर मात्र लागतो.

आजी म्हणत असतील की बाळाला तोलू नये, दृष्ट लागते, तर त्यांच्या मनाचा मान ठेवा. तीट लावा, मीठ-मोहरी ओवाळा आणि मग वजन करा. पुढे याच आजी कार्ड हातात घेऊन विचारतात, या महिन्यात किती भरलं?

लांबी: दोघं लागतात

दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं झोपवून मोजतात, म्हणून तिला लांबी म्हणायचं. दवाखान्यात त्यासाठी लाकडी किंवा प्लास्टिकची फळी असते, डोक्याची बाजू पक्की आणि पायाकडची सरकणारी. डॉक्टरांनी हातातल्या टेपने वरवर मोजलं तर त्या मापावर फार विसंबू नका.

घरी मोजायचं तर भिंतीला लागून जमिनीवर चादरीची एकच घडी घाला आणि शेजारी पोलादी टेप चिकटवा. शिंप्याचा कापडी टेप ताणला जातो, तो नको. एकाने बाळाचं डोकं भिंतीला टेकवून धरायचं, नजर सरळ वर छताकडे. जावळ काढलेलं नसेल आणि केस दाट असतील तर ते हलके दाबायचे, क्लिप किंवा रबर काढून टाकायचं. दुसऱ्याने गुडघे अलगद दाबून पाय सरळ करायचे, तळवे उभे ठेवायचे आणि एखादं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक टाचांना टेकवून काटकोनात धरायचं. पुस्तक टेपला जिथे लागेल तो आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा. बाळ हातपाय झाडणारच, म्हणून दोनदा मोजा. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. मालिश आणि आंघोळ झाली की बाळ सैल पडलेलं असतं, तेव्हा हे काम सोपं जातं.

लांबी दर महिन्याला मोजून उपयोग नाही. नवव्या ते बाराव्या महिन्यात बाळ महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढतं, आणि वळवळणाऱ्या बाळाला मोजताना एवढी चूक सहज होते. तीन महिन्यांनी एकदा पुरे. जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर असलेलं बाळ वर्षाचं होताना ७५ च्या आसपास पोहोचतं, दुसऱ्या वर्षात आणखी १२ सेंटिमीटर.

डोक्याचा घेर डॉक्टरांनाच मोजू द्या, पण तो लिहिला जातोय का याकडे लक्ष ठेवा. जन्मताना ३४-३५ सेंटिमीटर, वर्षाला ४५-४६. तो फार भरभर वाढला किंवा वाढायचा थांबला, तर डॉक्टरांना दोन्ही तितकंच महत्त्वाचं वाटतं.

ठिपका आणि रेषा

तक्त्यावर खाली आडव्या ओळीत महिने असतात आणि डावीकडे उभ्या ओळीत किलो. पूर्ण झालेले महिने धरायचे. महिन्याच्या रेघेवरून वर जायचं, वजनाच्या रेघेवरून उजवीकडे यायचं, दोन्ही भेटतात तिथे ठिपका द्यायचा. दोन ठिपके झाले की पट्टीने जोडायचे. पालिकेच्या किंवा अंगणवाडीच्या कार्डावर हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे असतात. हिरव्यात वजन वयाच्या मानाने ठीक, पिवळ्यात कमी, नारिंगीत फारच कमी.

खासगी तक्त्यावर ३, १५, ५०, ८५, ९७ असे आकडे असलेल्या रेषा दिसतील. एकाच वयाची शंभर निरोगी बाळं सर्वांत हलक्यापासून जडपर्यंत रांगेत उभी केली तर तुमचं बाळ कितवं, एवढाच त्याचा अर्थ. १५ म्हणजे परीक्षेतले १५ गुण नव्हेत. रांगेत कोणी पंधरावं असणारच, आणि तेही निरोगीच असतं.

आता समजा, एकाच मजल्यावर दोन बाळं आहेत. मुलगी जन्मली २.६ किलोची. सहा आठवड्यांना ३.८, चौदा आठवड्यांना ५, सहा महिन्यांना ६.१, नऊ महिन्यांना ६.९ आणि वर्षाला ७.५ किलो. मुलगा जन्मला ३.६ चा. चौदा आठवड्यांना ६.८, सहा महिन्यांना ८.३, नऊ महिन्यांना ८.४, वर्षाला ८.६ किलो. वर्षाच्या वाढदिवसाला दोघं शेजारी बसली की सगळे मुलीच्या आईला सांगणार, "हिला जरा खायला घाला." मुलगा अजूनही तिच्यापेक्षा किलोभर जड आहे, गालही भरलेले आहेत. दोघांचे ठिपके हिरव्या पट्ट्यातच आहेत.

तरी डॉक्टरांकडे न्यायचं ते मुलाला. मुलगी पहिल्यापासून मधल्या रेषेच्या खाली आहे, पण तिची रेषा छापील रेषेला समांतर, न अडखळता वर चालली आहे. मुलगा सहा महिन्यांपर्यंत मधल्या रेषेच्या वर होता, तिथून त्याची रेषा जवळजवळ आडवी झाली. सहा महिन्यांत त्याने तीनशे ग्रॅम घेतले, जे एका महिन्यात व्हायला हवे होते. नेमकं सहाव्या महिन्यानंतर, म्हणजे उष्टावण झालं पण वरचं खाणं पुरेसं सुरू झालं नाही, असं बऱ्याचदा असतं. डाळीचं वरचं पाणी, पातळ पेज, भाताचं पाणी यांनी पोट भरतं, वजन वाढत नाही. वाटीत चमचा तिरका केला की ओघळून पडेल इतकं पातळ नको. मऊ शिजवलेला वरणभात, त्यावर तूप, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा हे हळूहळू यायला हवं, आणि अंगावरचं दूध चालूच.

इथे एक दिलासाही. वाढीचा वेग आपोआप मंदावतो. पहिले तीन महिने बाळ महिन्याला आठशे ग्रॅम ते किलोभर वाढतं, पुढचे तीन महिने साधारण अर्धा किलो, आणि सहा महिन्यांनंतर महिन्याला तीनशे ग्रॅमच्या आसपास. आधी किलोकिलोने वाढणारं बाळ आता तीनशेवर आलं म्हणून आईचं दूध आटलं असं नसतं. पाचव्या-सहाव्या महिन्याला वजन जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, हा जुना हिशेब ढोबळमानाने आजही चालतो. शिवाय सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान काही बाळं आईवडिलांच्या अंगकाठीकडे सरकतात. बुटक्या, सडपातळ आईवडिलांचं भलंमोठं जन्मलेलं बाळ या काळात सावकाश एक रेषा खाली येऊन तिथे स्थिरावतं. हे सरकणं हळू असतं, आणि बाळ खेळकर असतं.

वजन आणि लांबी एकत्र वाचायची सवय लावून घ्या. खाणं कमी पडलं किंवा आजारपण आलं की आधी वजन घसरतं. तेच बरेच महिने चाललं तर लांबी अडते. डोक्याची वाढ सगळ्यांत शेवटी थांबते. उलट वजन बरं आहे पण लांबीच अडली आहे असं दिसलं, तर डॉक्टर थायरॉइडसारखी कारणं शोधतात. म्हणून तपासणीला दोन्ही तक्ते घेऊन जा.

कधी थांबायचं नाही

पहिल्या सहा महिन्यांत महिनाभर वजन वाढलंच नाही, किंवा कोणत्याही वयात कमी झालं, किंवा रेषेने खाली येत छापील दोन रेषा ओलांडल्या, तर पुढच्या लसीची वाट बघू नका. दोन्ही पावलांवर सूज असेल, अंगठ्याने तीन सेकंद दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. या सुजेमुळे वजन ठीक दिसतं आणि आतलं गंभीर कुपोषण झाकलं जातं. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांचा दंडाचा घेरही अंगणवाडीत रंगीत पट्टीने मोजतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम.

पावसाळ्यात मात्र थोडा धीर धरा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत जुलाब, सर्दी-ताप घरोघरी असतात आणि एखाद्या महिन्याची रेषा वाकते. जुलाब झाले तर ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक पूर्ण १४ दिवस द्या, दूध-जेवण बंद करू नका. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. बहुतेक बाळं महिन्या-दीड महिन्यात आपली रेषा पुन्हा पकडतात. पकडली नाही तर दाखवा.

फार वेगाने वर जाणारी रेषाही डॉक्टरांच्या नजरेस आणा. बाटलीतल्या दुधात साखर, दोन वेळा बिस्किटं, रडलं की दूध, हे बाळसं चांगलं नव्हे.

मुंबईत कुठे जायचं

पालिकेच्या आरोग्य केंद्रात आणि दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी वजन होतं. वस्तीत अंगणवाडी असेल तर तिथे बाळाचं नाव घाला. अंगणवाडीताई दर महिन्याला वजन घेतात, नोंद मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये करतात आणि सहा महिन्यांनंतर घरी न्यायचा शिधाही देतात. काही विशेष दाखवायचं असेल तर परळचं केईएम, सायन, नायर, कूपर इथल्या बालरोग विभागात सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, किंवा परळच्याच वाडिया मुलांच्या रुग्णालयात जा. जाताना सगळे जुने ठिपके असलेलं कार्ड न्या. नवीन डॉक्टरांना आजच्या वजनापेक्षा मागची सहा वजनं जास्त उपयोगी पडतात. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये काढून आईवडील दोघांकडे ठेवा, आणि मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. बाळंतपणाला माहेरी किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा कार्ड बरोबर हवं, तिथल्या वजनाची नोंदही त्यातच होऊ द्या.

वेळेआधी जन्मलेलं बाळ

३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचं वय दुरुस्त करून ठिपका द्यायचा. ४० मधून जन्माचे आठवडे वजा करायचे आणि तेवढे आठवडे आजच्या वयातून कमी करायचे. ३२ आठवड्यांचं बाळ आज सहा महिन्यांचं असेल, तर ते आठ आठवडे लवकर आलं, म्हणून तक्त्यावर ते साधारण चार महिन्यांचं. दोन वर्षांपर्यंत असंच धरतात. हे न केल्यामुळे कितीतरी आया उगाच रडतात. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या, तिथे ही वजाबाकी नाही.

दोन वर्षांनंतर

दुसरा वाढदिवस झाला की मूल भिंतीला टेकून उभं राहतं आणि लांबीची उंची होते. उभं मोजलं की माप आडव्यापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटरने कमी येतं, तेव्हा "उंची कमी कशी झाली?" म्हणून दचकू नका. टाचा, कुल्हे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लागलेली, नजर समोर, पायात चप्पल-मोजे नाहीत, डोक्यावर पुस्तक काटकोनात. आता सहा महिन्यांनी एकदा मोजलं तरी चालतं. पाच वर्षं पूर्ण झाली की तक्ता बदलतो. तिथून अठरा वर्षांपर्यंत आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ भारतीय मुलांवरून तयार केलेले २०१५ सालचे तक्ते वापरतात. शाळेच्या आरोग्य तपासणीत जी उंची-वजनं लिहून येतात, ती त्या नव्या तक्त्यावर उतरवून घ्या.